दहा चाकांचं इंजिन आणि शिवणाची खोली

रेल्वे तयार होऊन दोन वर्षं झाली होती. फक्त इंजिन नव्हतं.

बाकी कशाला नाव ठेवायला जागा नव्हती. मागच्या खोलीतल्या टेबलावर लांबट गोल रूळ होते, स्टेशन होतं, फलाटावर नखाएवढी माणसं गाडीची वाट बघत उभी होती. प्लास्टरचा डोंगर होता, डोंगरातून बोगदा होता आणि बोगद्याच्या तोंडाशी खरोखर लाल-हिरवा होणारा सिग्नल होता. सगळं खऱ्यापेक्षा सत्याऐंशीपट लहान. चार डबेसुद्धा होते. ते डबे मिलिमीटर दोन वर्षं तर्जनीनं ढकलत होता. बोगद्यात बोट पुरत नसे, तिथे पट्टी वापरायचा.

मिलिमीटर हे नाव त्याला कचेरीतल्या लोकांनी दिलं होतं आणि ते इमारतीपर्यंत कधी येऊन पोचलं हे त्याला कळलंच नाही. पाणीपुरवठा खात्यात तो आरेखक होता. शहराखालचे नळ कुठून कुठे जातात, किती जाडीचे आहेत, कुठे वळतात, हे सगळं तो कागदावर काढायचा. चहात साखर किती, असं विचारलं तर "एक चमचा, सपाट" असं उत्तर देणारा माणूस. अशा माणसाला इंजिन निवडायला दोन वर्षं लागली यात खरं तर नवल काही नाही. त्याच्या मते तर तो जरा घाईच करत होता.

त्या दोन वर्षांत बायकोचं शिवणयंत्र झोपायच्या खोलीत, पलंग आणि कपाट यांच्या फटीत होतं. कपाट उघडायचं तर तिला उठावं लागे आणि पडदा पसरायचा तर पलंगावर चढावं लागे. एक दिवस ती हातात कापड मोजायचा गज घेऊन मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"मला एका हॉटेलच्या बेचाळीस खिडक्यांचे पडदे मिळालेत," ती म्हणाली. "दोन महिन्यांनी काम सुरू. मला ही खोली हवी."

"आणि ही रेल्वे?"

"रेल्वे कुठाय? हे चार डबे आहेत आणि तुमचं बोट आहे."

हा घाव वर्मी बसला. मिलिमीटर काही बोलणार तेवढ्यात तिनंच तोड काढली. दोन महिन्यांनी, काम सुरू व्हायच्या आदल्या रविवारी, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत गाडीनं इंजिनाच्या बळावर एक पूर्ण फेरी मारली, तर खोली त्याची. नाही मारली, तर खोली तिची.

"मान्य," तो म्हणाला. "पण माझीही एक अट आहे. इंजिन मी निवडणार. त्यात तू एक अक्षर बोलायचं नाहीस."

या अटीला इतिहास होता. घर तिनं निवडलं होतं, पंखे तिनं निवडले होते, मुलीची शाळा, जावई, चष्म्याच्या काड्या, सगळं तिनं निवडलं होतं. तो प्रत्येक वेळी मापं घेत बसायचा आणि माप पुरं होईपर्यंत ती वस्तू घरात येऊन जुनी झालेली असायची. एवढी एक गोष्ट आपण ठरवायची, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. बायकोनं ताबडतोब "चालेल" म्हटलं. इतक्या ताबडतोब, की जरा सावध माणसाला तिथेच शंका आली असती. मिलिमीटरनं मात्र समाधानानं त्याचं टिपण केलं, दोन प्रतींत, आणि तिची सही घेतली.

मग त्यानं तक्ता केला. त्याच्या कचेरीत साधी खुर्ची घ्यायची तरी तुलनात्मक तक्ता लागतो, आणि इथे तर वाफेचं इंजिन होतं. तेवीस रकाने होते: रंग, लांबी, चाकांची संख्या, धुराड्याची उंची, पुढचा दिवा, शिट्टी, वळण वगैरे. उभ्या बाजूला एकोणीस इंजिनं. तक्ता खोलीच्या भिंतीवर लागला आणि बातमी इमारतभर झाली.

सगळ्यात आधी खालच्या मजल्यावरचे स्टेशनमास्तर आले. ते रेल्वेत तेहतीस वर्षं होते म्हणून त्यांना सगळे स्टेशनमास्तर म्हणत. त्यांनी हात पाठीमागे बांधून तक्त्याची पाहणी केली.

"काळं घ्या," ते म्हणाले. "इंजिन काळंच असतं. हिरवं, निळं ही सगळी थेरं आहेत. आणि चाकं जितकी जास्त तितकी ओढ जास्त. हा अनुभव आहे."

"तुम्ही चालवलंय?" मिलिमीटरनं आदरानं विचारलं.

मास्तरांनी घसा साफ केला. तेहतीस वर्षं ते रेल्वेच्या गणवेश भांडारात होते, असं त्यातून हळूहळू बाहेर आलं. कोट, टोप्या, बिल्ले, झेंडे. इंजिन त्यांनी फलाटावरूनच पाहिलं होतं, पण ते अगदी जवळून, असं त्यांचं म्हणणं.

मग वरच्या मजल्यावरच्या बाई आल्या. त्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण शाळा त्यांच्यातून गेली नव्हती. त्यांनी चष्मा कपाळावर घेऊन फलाटावरची माणसं मोजली आणि म्हणाल्या, "सतरा माणसं आहेत आणि बाक एकच? आणि इंजिनात ड्रायव्हर असतो का? नसेल तर घेऊ नका. बिनमाणसाचं यंत्र मुलांसमोर बरं दिसत नाही."

"इथे मुलं कुठे आहेत?"

"असं कसं, कोणी ना कोणी बघणारच," बाई म्हणाल्या. त्यामुळे तक्त्यात चोविसावा रकाना आला: ड्रायव्हर, आहे किंवा नाही.

मेहुणा आला तो आपला सल्ला फोनवर उघडूनच आला. हा बायकोचा धाकटा भाऊ. नळ आणि बेसिनं विकायचं त्याचं दुकान आहे आणि जगातली प्रत्येक वस्तू स्वस्तात देणारा एक तरी मित्र त्याला आहे.

"भाऊजी, वाफेचं कोण घेतं आता? डिझेल घ्या. नाहीतर विजेचं. वाफ संपली."

"सगळी विजेवरच चालतात रे. दिसायला वाफेचं."

"मग तर अजिबातच नको. आत एक आणि बाहेर एक, असं माणसांचं चालतं, इंजिनाचं कशाला?"

मिलिमीटरनं त्याला चहा दिला आणि पंचविसावा रकाना काढला नाही. या सगळ्यात बायको एक अक्षर बोलली नाही. ती चहाच्या कपबशा उचलायला यायची, तक्त्यासमोर थोडी थांबायची, गळ्यातली टेप हातात घेऊन टेबलाच्या कडेला जरा टेकायची आणि निघून जायची. एकदा तिच्या ओठांची हालचाल झाल्यासारखी मिलिमीटरला वाटली. त्यानं टिपणाकडे बोट दाखवलं. तिनं ओठ मिटले.

गुणांची बेरीज झाली तेव्हा पहिल्या क्रमांकावर दोन इंजिनं बरोबरीत आली. एक छोटं, हिरवं, चार चाकांचं. त्याची गोल टाकी, आखूड धुराडं आणि एकंदर चेहरा फार मनमिळाऊ होता. दुसरं लांबलचक, काळं, दहा मोठ्या चाकांचं. खरं इंजिन बावीस मीटर लांब, आणि त्याची ही प्रतिकृती वीतभरापेक्षा थोडी जास्त.

त्या दिवशी कचेरीत त्याचं लक्ष लागलं नाही. समोर एका नव्या नळाचा नकाशा होता. त्याच्या मनात आलं, चौतीस वर्षं आपण जे काढलं ते सगळं खड्ड्यात गेलं. म्हणजे वाईट अर्थानं नव्हे. नळ खड्ड्यातच जायचा असतो. पण काढायचं, पुरायचं, वर माती, वर रस्ता, आणि मग कोणाला दिसायचं म्हणजे तो फुटल्यावरच. एकदा तरी काहीतरी मोठं असावं आणि ते दिसावं, असं त्याला फार वाटलं. घरी जाऊन त्यानं काळ्या इंजिनापुढे खूण केली. शेवटचं म्हणून वळणाचा रकाना तपासला. कंपनीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं, कमीत कमी पाचशे पन्नास मिलिमीटर. आपलं वळण सातशे साठ. शिल्लक दोनशे दहा. शेरा: उत्तम.

बायको दारात उभी होती. तिनं खूण पाहिली, मग त्याचा चेहरा पाहिला, आणि काही न बोलता आत गेली.

इंजिन परदेशातून यायचं होतं. ते आलं, पण परदेशी पार्सलांच्या कचेरीत अडकून बसलं, आणि घरी पत्र आलं. आपल्या नावे आलेल्या वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरचं तपासणी प्रमाणपत्र आठ दिवसांत सादर करावं.

मिलिमीटर अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेला. खिडकीमागे एक बाई होत्या. त्यांच्यासमोर शिक्क्यांची चळत होती आणि चेहऱ्यावर, आपण आजवर सगळं पाहिलंय, असा शांतपणा होता.

"बॉयलर आहे?"

"आहे, पण त्यात पाणी नाही. आत मोटर आहे."

"मग वाफेचं नाही."

"दिसायला वाफेचं. चालतं विजेवर."

"मग खेळणं असं लिहा आणि घेऊन जा."

इथे मिलिमीटरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मेहुणा त्याला खेळणं म्हणत असे, शेजारी म्हणत, खुद्द मुलगी फोनवर "बाबांचं खेळणं" म्हणायची. प्रत्येकाला त्यानं प्रमाण, मोजमाप आणि प्रतिकृती या विषयावर समजावून सांगितलं होतं. आता ते स्वतःच्या हातानं, सही करून, खेळणं असं लिहायचं?

"ती प्रतिकृती आहे," तो म्हणाला.

"प्रतिकृतीचा रकाना नाही. यंत्र, खेळणं, शोभेची वस्तू आणि इतर. इतर लिहिलंत तर खुलासा लागेल. तीन प्रतींत, आकृतीसह."

दुसऱ्या कोणाला हे ऐकून धडकी भरली असती. मिलिमीटरला आकृती हा शब्द ऐकून उलट बरंच वाटलं. चार संध्याकाळी बसून त्यानं इंजिनाची आकृती काढली, समोरून, वरून आणि बाजूनं, आणि सगळी मापं घातली. रविवार जवळ येत होता, पण आकृती घाईत काढायची नसते. पाचव्या दिवशी खिडकीतल्या बाईंनी ती दोन्ही हातांनी धरून पाहिली आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं.

"फार सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण इथे लांबी बावीस मीटर लिहिलीय."

"ती खऱ्या इंजिनाची. खाली प्रमाण दिलंय बघा."

"पार्सल तर बुटाच्या खोक्याएवढं आहे. मापात तफावत म्हणून हे आता वर पाठवावं लागेल. महिना जाईल."

मिलिमीटरनं आकृती परत घेऊन तिची सावकाश घडी घातली. मागचे लोक चुळबुळ करू लागले. शेवटी त्यानं नवा अर्ज मागितला, पेन काढलं आणि मन घट्ट करून खेळणं असं लिहिलं. लिहिलं तेही सुवाच्य अक्षरात. त्याखाली एक रकाना होता, वापरणाऱ्या मुलाचं वय. त्यात त्यानं खरं तेच लिहिलं: अठ्ठावन्न. बाईंनी तो वाचला, मान वर न करता शिक्का मारला आणि खोकं पुढे सरकवलं. त्याबद्दल तो त्यांचे उपकार कधी विसरणार नव्हता.

ठरलेल्या रविवारी साडेचारला सगळे जमले. स्टेशनमास्तर हिरवा झेंडा घेऊन आले, अगदी कोरा, घडीसुद्धा न मोडलेला. बाईंनी स्वतःची खुर्ची वरून आणली. मेहुणा फोन उगारून कोपऱ्यात उभा राहिला. बायको दारात, गळ्यात टेप.

इंजिन रुळावर होतं, मागे चार डबे. खरंच मोठं दिसत होतं. मास्तरांनी झेंडा हलवला, मिलिमीटरनं बटण फिरवलं आणि गाडी हलली. स्टेशनातून निघाली, सरळ रुळावरून पुढे गेली, दहाही चाकं दांड्यांसकट फिरत होती. बाईंनी हळूच टाळ्या वाजवल्या. मग वळण आलं. इंजिनानं पुढची चाकं अलगद रुळाच्या कडेवर चढवली, क्षणभर विचार केला आणि ते डोंगराला टेकून आडवं झालं.

"वेग जास्त झाला," मास्तर म्हणाले.

वेग कमी केला. इंजिन सावकाश आडवं झालं.

"रुळावर धूळ असणार, भाऊजी."

रूळ पुसले. इंजिन स्वच्छ रुळावरून आडवं झालं. बाईंच्या मते ड्रायव्हरचं लक्ष नव्हतं. मेहुण्यानं टेबलाच्या एका पायाखाली वर्तमानपत्राची घडी सरकवली, मास्तरांनी दुसऱ्या पायाखाली, आणि मग टेबल सपाट करायला सात मिनिटं गेली. पाचाला दहा कमी होते.

मिलिमीटरनं पट्टी काढली. वळण मोजलं, पुन्हा मोजलं. पुस्तिका उघडून डोळ्यांजवळ नेली. मग ती मिटून टेबलावर ठेवली.

"तुम्ही आरपार मोजलंय," दारातून बायको शांतपणे म्हणाली. "त्यांनी मधल्या ठिपक्यापासून सांगितलंय."

तेच झालं होतं. नळाचं माप म्हणजे व्यास, या कडेपासून त्या कडेपर्यंत. चौतीस वर्षं त्यानं दुसरं काही मोजलं नव्हतं. रूळवाले मात्र त्रिज्या देतात. पाचशे पन्नासचं वळण म्हणजे आरपार अकराशे. त्याचं होतं सातशे साठ.

"त्रिज्या हवी होती," त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. फार जड गेलं ते. "मी व्यास धरला."

"म्हणजे तिसरा हिस्सा कमी पडला?" मास्तरांनी विचारलं.

"जवळजवळ."

मिलिमीटर नावाच्या माणसानं हे बोलायचं म्हणजे काय, हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं. मेहुण्यानंसुद्धा फोन खाली घेतला. मिलिमीटर बायकोकडे वळला.

"तुला हे कधीपासून माहीत होतं?"

"तक्ता लावलात त्याच दिवसापासून. मीही गोल कापड कापते."

"मग बोलली का नाहीस?"

"सही केलीय मी," ती म्हणाली. मग जरा थांबून तिनं प्रामाणिकपणे सांगितलं, "आणि मला खोली हवी होती."

मेहुणा पुढे झाला. "भाऊजी, मनाला लावून घेऊ नका. हे परत पाठवा. ते छोटं हिरवं मागवा, ते या वळणावरून सुळकन जाईल." मिलिमीटरनं मान डोलावली. त्यानं इंजिन उचललं, रुमालानं पुसलं आणि खोक्यातल्या कागदात गुंडाळायला घेतलं. त्याचे हात इतके सावकाश चालले होते की बाईंनी दुसरीकडे बघितलं.

घड्याळात पाच झाले.

"पाच वाजले," बायको म्हणाली. "खोली माझी."

"तुझी," तो म्हणाला.

"मग माझ्या खोलीत काय ठेवायचं ते आता मी ठरवणार. ते इंजिन परत जाणार नाही. काढा ते बाहेर."

ती खोलीत आली, गळ्यातली टेप काढून तिनं तिचं एक टोक मास्तरांच्या हातात दिलं आणि भिंती मोजायला लागली. टेबल काढायचं, रूळ चारी भिंतींच्या कडेनं फळीवर न्यायचे, वळणं हवी तेवढी मोठी करायची. मधे तिचं मशीन आणि पडदे पसरायला जागा. दारापाशी फळीचा एक तुकडा बिजागरीवर, उचलून आत यायला. ती बोलत होती आणि मेहुणा नकळत सगळं लिहून घेत होता.

मिलिमीटर इंजिन छातीशी धरून उभा होता. "पण ते चुकलंय," तो म्हणाला. "मी चुकीचं निवडलं."

"असू दे. इतक्या वर्षांत तुम्ही एक गोष्ट स्वतःच्या मनानं घेतलीत, आणि घेताना तुमचा चेहरा कसा झाला होता ते मी बघितलंय. चुकली म्हणून परत पाठवायची असती, तर मी या घरातलं काय काय परत पाठवलं असतं."

पहिल्यांदा बाई हसल्या. मग मास्तर, टेपचं टोक न सोडता. कशावर हसतायत हे मिलिमीटरला जरा उशिरा कळलं आणि मग तोही हसला, कानापर्यंत लाल होऊन.

फळ्या बसवायला तीन आठवडे लागले. वळणं त्यानं मधल्या ठिपक्यापासून मोजली आणि मग बायकोकडून तपासून घेतली. तोवर बेचाळीसपैकी अकरा पडदे झाले होते. शेवटचा रूळ जोडला त्या दुपारी घरात दोघंच होती. ती मधे मशीनवर बसली होती, चोहोबाजूंना निळ्या कापडाचा ढीग, आणि बारावा पडदा अर्ध्यावर होता. तो दारापाशी उभा राहिला. "सोडू का?" त्यानं विचारलं. "सोडा की, मला काय विचारता," ती मान खाली घालूनच म्हणाली.

गाडी निघाली. स्टेशन मागे पडलं, पहिल्या वळणाला मिलिमीटरनं डोळे मिटून घेतले आणि उघडले तेव्हा चारही डबे वळणापलीकडे गेले होते. मग पलीकडची भिंत, मग खिडकीखालचा बोगदा. बोगद्यातून दिवा बाहेर आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की मशीनचा आवाज थांबलाय. तिनं पाय काढून घेतला होता, हात कापडावर तसेच ठेवून खुर्चीत वळली होती आणि गाडीबरोबर तिची मान हळूहळू फिरत होती. त्याला फार बरं वाटलं. त्यानं वेग थोडा कमी केला, म्हणजे फेरी जरा लांबेल.